टेस्टरचा दिवा आणि अर्थची मुकी तार

घरातील विजेच्या तारांपैकी फेजची तार तुटली तर दिवा विझतो. न्यूट्रलची तार तुटली तरी दिवा विझतो. अर्थची तार तुटली तर मात्र काहीच घडत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, गीझर पाणी तापवतो आणि फ्रीजही नेहमीप्रमाणे थंड राहतो. तुटलेली अर्थ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे तशीच राहते. तिची आठवण होते ती वॉशिंग मशीनच्या पत्र्यात प्रवाह उतरलेला असताना ओला हात त्यावर टेकल्यावर. ज्या तारेचे काम केवळ संकटाच्या क्षणी असते, ती शाबूत आहे की नाही हे रोजच्या वापरातून कळण्याचा मार्ग नाही. तो मुद्दाम तपासूनच कळतो.

या तपासणीला तंत्रज्ञ सलगतेची चाचणी म्हणतात. वायरमनच्या बोलीत ‘कंटिन्युइटी पाहणे’. त्यासाठी लागणारी साधने लहान, हातात मावणारी आणि बहुतेक घरांच्या आवाक्यातली आहेत. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ती सहज मिळतात. अडचण साधनांच्या किमतीची नाही. कोणते साधन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, याविषयी असलेल्या गैरसमजाची आहे. घरोघरी स्वयंपाकघराच्या खणात पडलेला टेस्टर अर्थच्या तारेविषयी काहीही सांगू शकत नाही, ही साधी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

सलगता म्हणजे काय?

विजेचा प्रवाह वाहण्यासाठी मंडल पूर्ण असावे लागते. मेन स्विचपासून निघालेला प्रवाह बटणातून, दिव्यातून जाऊन न्यूट्रलच्या तारेने परत आला पाहिजे. या वाटेत कोठेही खंड पडला, मग तो जळालेल्या फ्यूजमुळे असो, सैल स्क्रूमुळे असो किंवा उंदराने कुरतडलेल्या तारेमुळे, तर प्रवाह थांबतो. वाट सलग आहे का, आणि असल्यास तिचा रोध किती, हे पाहणे म्हणजे सलगतेची चाचणी.

येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. ‘या ठिकाणी दाब आहे का?’ हा पहिला प्रश्न. ‘येथून तेथपर्यंत वाट अखंड आहे का?’ हा दुसरा. पहिला प्रश्न वीज चालू असताना विचारायचा असतो, दुसरा बहुधा वीज पूर्ण बंद करून. पहिल्याचे उत्तर टेस्टर देतो. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी स्वतःची बॅटरी असलेले साधन लागते. ते आपल्या बॅटरीतून अगदी लहानसा प्रवाह वाटेत सोडते आणि तो परत येतो का ते पाहते.

ओहमपासून ॲव्होमीटरपर्यंत

दाब, प्रवाह आणि रोध यांचा परस्परसंबंध जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, हा तो नियम. सलगतेची प्रत्येक चाचणी, साधन कितीही आधुनिक असले, तरी याच भागाकारावर उभी आहे. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या तारा शेकडो मैल पसरल्या तेव्हा ‘तार नेमकी कोठे तुटली?’ हा प्रश्न रोजचा झाला. बॅटरी आणि गॅल्व्हानोमीटर घेऊन मार्गावर हिंडणारे कामगार हे सलगतेचे पहिले व्यावसायिक परीक्षक म्हणता येतील.

पुढे टेलिफोनच्या काळात व्होल्टमापक, अँपिअरमापक आणि ओहममापक अशी वेगवेगळी उपकरणे वागवण्याचा त्रास वाढला. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांनी ही तिन्ही कामे एका पेटीत आणली. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ॲव्हो’ हे नाव मिळाले आणि १९२३ पासून ती बाजारात आली. आजच्या मल्टिमीटरची ही थेट पूर्वज. काट्याचा हा भारदस्त मीटर २००८ पर्यंत बनत होता. दरम्यान, १९७७ मध्ये फ्ल्यूक या अमेरिकी कंपनीने हातात मावणारा अंकदर्शी मल्टिमीटर आणला. आज मनगटाएवढ्या जाडीच्या पिवळ्या मीटरमध्ये काट्याऐवजी आकडे दिसतात आणि सलगता असली की ‘पीं’ असा आवाज येतो.

टेस्टर: एकाच प्रश्नाचे उत्तर

स्क्रूड्रायव्हरच्या आकाराच्या नेहमीच्या टेस्टरमध्ये निऑन वायूचा चिमुकला दिवा आणि त्याच्याशी एकसर जोडलेला लाखो ओहमचा रोधक असतो. १८९८ मध्ये विल्यम रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी शोधलेल्या या वायूचा गुण असा, की त्यातून अत्यल्प प्रवाह गेला तरी तो तांबूस प्रकाश देतो. टेस्टरचे टोक फेजला आणि बोट मागच्या टोपीला लागले की प्रवाह दिव्यातून, रोधकातून आणि माणसाच्या अंगातून जमिनीकडे जातो. तो मिलिअँपिअरच्या काही दशांश भागाएवढाच असल्यामुळे जाणवत नाही. म्हणजे टेस्टरने तपासताना माणूस स्वतःच मंडलाचा एक भाग झालेला असतो.

या रचनेतच टेस्टरच्या मर्यादा दडलेल्या आहेत. दिवा पेटण्यास साधारण ६० ते ९० व्होल्ट पुरतात, त्यामुळे तो २३० व्होल्ट आणि १०० व्होल्ट यांत नीट भेद करत नाही. जाड रबरी चपला घालून कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास प्रकाश इतका मंद होतो, की उजेडात तो दिसतही नाही. दिवा लागला नाही म्हणून तार मृत आहे, असे मानणे त्यामुळे धोक्याचे ठरते. याउलट, चालू तारेला समांतर गेलेल्या, दोन्ही टोकांनी सुट्या तारेवरही टेस्टर मंद पेटू शकतो. पाइपमध्ये शेजारी असलेल्या फेजचा तो केवळ प्रभाव असतो. त्या तारेवर दिवा लावला तर तो लागत नाही.

सर्वांत फसवी परिस्थिती न्यूट्रल तुटल्यावर येते. बटण चालू असेल तर फेज दिव्याच्या किंवा पंख्याच्या आतून पलीकडे जाऊन न्यूट्रलच्या तारेवर प्रकट होते. प्लगच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो आणि ‘दोन्हीकडे फेज आली’ असे म्हणत घरातले लोक गोंधळतात. प्रत्यक्षात फेज वाढलेली नसते, तर न्यूट्रलची परतीची वाट खंडित झालेली असते. सारी उपकरणे बंद करून प्लग काढले, की न्यूट्रलच्या छिद्रातील प्रकाश बहुधा नाहीसा होतो.

टेस्टर निरुपयोगी नव्हे. बटण फेजच्या तारेवर बसवले आहे की चुकून न्यूट्रलवर, हे तो चांगले सांगतो. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये टेस्टर पेटत असेल तर जोडणी उलटी आहे, आणि बल्ब बदलताना धक्का बसण्याची शक्यता आहे. मात्र अर्थच्या छिद्रात टेस्टर पेटत नाही, याचा अर्थ अर्थ उत्तम आहे असा होत नाही. तुटून लोंबकळणाऱ्या तारेवरही तो पेटत नाही. चांगली अर्थ आणि नसलेली अर्थ ही दोन्ही टेस्टरला सारखीच दिसतात.

बॅटरी असलेल्या, लाल दिव्याच्या टेस्टरने सलगता पाहता येते, असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. एका हाताने तपासायच्या तारेचे एक टोक धरून टेस्टरचे पाते दुसऱ्या टोकाला लावले की तो पेटतो खरा. पण तो इतका संवेदनशील असतो, की दोन माणसांनी हात धरले तरी पेटतो. मानवी शरीराचा हजारो ओहमचा रोधही ज्याला ‘सलग’ वाटतो, त्याच्या भरवशावर अर्थची तार चांगली ठरवता येणार नाही.

सिरीज लॅम्प

जुन्या वायरमनच्या पिशवीत किंवा दुरुस्तीच्या दुकानातील फळीवर हमखास दिसणारे साधन म्हणजे सिरीज लॅम्प. फेजच्या वाटेत एक साधा बल्ब आणि पुढे दोन मोकळी टोके, एवढीच त्याची रचना. टोकांमध्ये संशयित उपकरण जोडले की बल्ब त्याच्याविषयी बोलू लागतो. बल्ब पूर्ण तेजाने लागला तर वाट जवळजवळ रोधहीन, मंद लागला तर वाटेत बऱ्यापैकी रोध, आणि लागलाच नाही तर वाट खंडित. उपकरणात शॉर्ट असले तरी बल्ब प्रवाहाला आवर घालतो. १०० वॅटच्या बल्बातून अर्ध्या अँपिअरहून कमीच प्रवाह जातो. त्यामुळे फ्यूज उडत नाही.

पंख्याच्या गुंडाळीतून हा बल्ब मंद लागतो. गीझरच्या दोन हजार वॅटच्या कॉइलमधून मात्र तो जवळपास पूर्ण तेजाने लागतो, कारण कॉइलचा रोध बल्बच्या रोधाच्या मानाने फारच थोडा असतो. म्हणून कॉइल चांगली आहे की तिच्यात शॉर्ट आहे, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. या कामाला तारेचा जुना बल्बच लागतो. एलईडी दिव्यात स्वतःचे इलेक्ट्रॉनिक मंडल असल्यामुळे तो एकसर जोडणीत लुकलुकतो किंवा भलतेच दर्शवतो.

या साधनाचा मोठा दोष असा, की त्याच्या मोकळ्या टोकांवर पूर्ण २३० व्होल्टचा दाब असतो. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून ‘अर्थ बघण्याची’ रीत तर अधिकच धोक्याची. अर्थची तार पुढे तुटलेली असेल, तर बल्बमधून आलेली फेज त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर उतरते. त्या क्षणी घरातील दुसरे कोणी फ्रीजचे दार उघडत असेल, तर वायरमनच्या तपासणीची किंमत त्याला मोजावी लागेल. घरगुती वापरासाठी सिरीज लॅम्प टाळणेच इष्ट.

मल्टिमीटर: आवाज आणि आकडा

शहरी घरात ठेवण्यास योग्य असे साधन म्हणजे अंकदर्शी मल्टिमीटर. त्याची घुंडी बझरच्या खुणेवर आणली आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले की आवाज आला पाहिजे. प्रत्येक तपासणीची सुरुवात याच कृतीने करावी. प्रोबची तार आतून तुटलेली असेल किंवा बॅटरी उतरली असेल, तर ते येथेच कळते.

बझर कोणत्या रोधाला वाजतो, हे मीटरनुसार बदलते. अनेक मीटरमध्ये ही सीमा ३० ते ५० ओहमच्या आसपास असते. गीझरची दोन हजार वॅटची कॉइल सुमारे २६ ओहमची असते, त्यामुळे ती पूर्ण चांगली असतानाही बझर वाजतो आणि नवखा माणूस ‘शॉर्ट आहे’ असे ठरवून मोकळा होतो. आवाज हा फक्त इशारा, निकाल आकड्यावर द्यावा. बझर वाजल्यावर घुंडी २०० ओहमच्या टप्प्यावर नेऊन रोध वाचावा आणि त्यातून प्रोबचा स्वतःचा रोध वजा करावा. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर दिसणारा आकडा तो हाच.

अपेक्षित आकडा किती, हे साध्या गणिताने काढता येते. दाबाचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे उपकरणाचा रोध. २३० चा वर्ग ५२,९००. हजार वॅटच्या इस्त्रीसाठी सुमारे ५३ ओहम, दोन हजार वॅटच्या गीझरसाठी सुमारे २६ आणि तीन हजार वॅटच्या गीझरसाठी सुमारे १८ ओहम. तारेच्या बल्बला हे गणित लागू पडत नाही. ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे ८८० ओहमचा असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी रोध दाखवू शकतो. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या बाबतीत ओहमचा आकडा जवळजवळ निरर्थक ठरतो.

तपासणीपूर्वी

सलगतेची चाचणी चालू मंडलावर कधीही करू नये. ओहमच्या टप्प्यावरील मीटर २३० व्होल्टला लावला, तर मीटर जळतो आणि स्वस्त मीटर हातात फुटूही शकतो. त्याहून वाईट चूक म्हणजे लाल प्रोब दहा अँपिअरच्या छिद्रात विसरून तो प्लगमध्ये घालणे. त्या छिद्रातून मीटर म्हणजे नुसती तार असते, आणि प्लगमध्ये थेट शॉर्ट होते. मीटर घेताना त्यावर ‘कॅट थ्री’ आणि ६०० व्होल्ट ही खूण पाहावी. घरातील वायरिंग व बोर्ड यांवर होणाऱ्या मोजमापासाठी हा आंतरराष्ट्रीय सुरक्षा-वर्ग ठरवलेला आहे.

मेन स्विच बंद केल्यावर लगेच तारेला हात लावू नये. आधी टेस्टर चालू असलेल्या प्लगवर पेटतो का पाहावे, मग बंद केलेल्या जागी तपासावे आणि पुन्हा चालू प्लगवर पाहावे. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही, याची खात्री या तिसऱ्या पायरीने होते. संपूर्ण घराचा मेन बंद केला असेल तर ही खात्री जिन्यातील किंवा शेजारच्या प्लगवर करता येते.

महाराष्ट्रातील घरांत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात असंख्य घरांत इन्व्हर्टर आले आणि पुढे त्यांचे वायरिंग भिंतीत कायमचे राहिले. मेन बंद केला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि अर्ध्या घराला वीज देऊ लागतो. तोही बंद करून त्याचे जोड सोडवल्याखेरीज घर मृत समजू नये. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये साठलेला भार आधी मोकळा करावा लागतो, हेही विसरू नये.

फ्यूजपासून गीझरपर्यंत

सर्वांत सोपी चाचणी फ्यूजची. किटकॅट फ्यूज बाहेर काढून त्याच्या दोन पट्ट्यांना प्रोब लावावेत. आकडा शून्याजवळ आला तर तार शाबूत आहे. फ्यूज जागेवर ठेवून तपासल्यास दुसऱ्या एखाद्या वाटेने प्रवाह फिरून खोटी सलगता दिसू शकते. कोणताही भाग तपासताना त्याचे निदान एक टोक मंडलापासून सोडवावे, हा नियम सर्वत्र लागू आहे.

बटणाच्या बाबतीत वीज बंद करून एक तार सोडवावी आणि बटण चालू-बंद करत आकडा पाहावा. चालू असताना शून्याजवळ, बंद असताना पूर्ण खंड, असे दिसले पाहिजे. चालू स्थितीत दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर आतील संपर्क झिजलेले किंवा काळवंडलेले आहेत. कोकण किनारपट्टीवरच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष लवकर येतो.

इस्त्रीची दोरी बहुधा मुठीपाशी तुटते, कारण वळण्याचा ताण तेथेच पडतो. प्लग काढून, इस्त्रीचे तापमान सर्वांत वर ठेवून, फेज व न्यूट्रलच्या पिनांमध्ये रोध मोजावा आणि त्याच वेळी दोरी मुठीजवळ हलकेच वाकवावी. आकडा मधूनच नाहीसा होत असेल, तर दोष सापडला. दोरीला चिकटपट्टी गुंडाळून चालत नाही. ती बदलावी.

यानंतर खरी महत्त्वाची चाचणी. प्लग काढलेल्या इस्त्रीच्या, गीझरच्या किंवा वॉशिंग मशीनच्या प्लगमधील जाड, लांब अर्थ पिनेला एक प्रोब आणि उपकरणाच्या रंग नसलेल्या धातूला दुसरा प्रोब लावावा. रोध एक ओहमच्या आत असावा. खंड दिसला तर ते उपकरण वापरू नये. त्याच्या आतली किंवा दोरीतली अर्थची तार सुटलेली आहे. प्लॅस्टिकच्या दुहेरी आवरणाची, दोन पिनांची उपकरणे याला अपवाद. त्यांना अर्थच नसते आणि चौकोनात चौकोन अशी खूण त्यांच्यावर छापलेली असते.

भिंतीतील अर्थची परीक्षा

उपकरण चांगले असले तरी प्लगमागची, भिंतीतली अर्थ तुटलेली असेल तर उपयोग नाही. ती पाहण्याची योग्य पद्धत ‘लांब तारेची’. मेन बंद करून मुख्य बोर्डातील अर्थच्या पट्टीला लांब, सुटी तार जोडायची, तिचे दुसरे टोक खोलीतील प्लगपर्यंत आणायचे आणि त्या टोकापासून प्लगच्या अर्थ छिद्रापर्यंत रोध मोजायचा. लांब तारेचा रोध आधी मोजून वजा करायचा. बोर्ड उघडावा लागत असल्याने हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. पण तो ते करतो आहे ना, हे घरमालकाने समोर उभे राहून पाहावे.

आकडा किती अपेक्षित आहे? दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ते १३ ओहम असतो. म्हणजे २० मीटरला जेमतेम पाव ओहम. मीटर पाच किंवा दहा ओहम दाखवत असेल तर बझर वाजेल खरा, पण वाटेत कोठेतरी सैल किंवा गंजलेला जोड आहे.

हा फरक जिवावरचा आहे. गीझरमध्ये फेज पत्र्याला टेकली आणि अर्थच्या वाटेचा रोध दहा ओहम असला, तर २३ अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्या प्रवाहाला तासभरही पडणार नाही, अशी शक्यता असते. तोवर पत्र्यावर घातक दाब राहतो. ‘सी’ प्रकारची तीच एमसीबी तत्काळ पडावी यासाठी १६० अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो, आणि तो वाहण्यासाठी संपूर्ण वाटेचा रोध दीड ओहमच्या आत असावा लागतो. ‘आवाज आला, अर्थ ठीक आहे’ असे म्हणणाऱ्या वायरमनला आकडा विचारावा, तो याचसाठी.

दोन प्लगांच्या अर्थ छिद्रांमध्ये परस्पर सलगता पाहून समाधान मानण्याची पद्धतही अपुरी आहे. त्या दोघी एकमेकींशी जोडलेल्या, पण मुख्य पट्टीपासून एकत्रच तुटलेल्या असू शकतात.

आणखी एक जुनी, धोकादायक तडजोड ही चाचणी फसवू शकते. अर्थची तार ओढण्याचा खर्च वाचवण्यासाठी काही ठिकाणी प्लगमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडलेली असते. मग अर्थ सलग भासते. पुढे न्यूट्रल तुटली की चालू उपकरणातून आलेली फेज या जोडातून थेट पत्र्यावर पोहोचते. ही लबाडी पकडण्यासाठी सर्व प्लग काढून, न्यूट्रलही तोडणारा दुहेरी मेन बंद करून, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये रोध पाहावा. तेथे पूर्ण खंड असला पाहिजे.

जेथे ही चाचणी थांबते

वाट सलग असणे आणि ती सशक्त असणे यांत अंतर आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत बहुधा ०.३ मिलिमीटर जाडीचे ३६ धागे असतात. जोडापाशी त्यांपैकी ३५ तुटून एकच उरला, तर सेंटिमीटरभर लांबीत रोध ओहमच्या अवघ्या दोन-अडीच हजारांशाने वाढतो. कोणत्याही घरगुती मीटरला तो दिसत नाही. पण गीझरचे नऊ अँपिअर त्या एका धाग्यातून वाहू लागले की जोड तापतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत अर्थची सलगता किमान ०.२ अँपिअर प्रवाह देणाऱ्या साधनाने पाहण्याची अपेक्षा असते, आणि तिच्याआधी डोळ्यांनी पाहणी. काळवंडलेला स्क्रू, वितळलेले आवरण आणि जळकट वास हे कोणत्याही मीटरआधी बोलतात.

दोन तारांमध्ये नको असलेली वाट तर तयार झालेली नाही ना, हा याच्या उलट प्रश्न. ओलसर भिंतीत वेष्टण कुजले तर मल्टिमीटरच्या नऊ व्होल्टना ते कळत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा दाब देणारा मेगर लागतो. ‘मेगर’ हे नाव इंग्लंडमध्ये १९०३ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले आणि पुढे या प्रकारच्या साऱ्या उपकरणांना चिकटले. घरगुती वायरिंगचा निरोध निदान एक मेगाओहम असावा, हा आपल्याकडे रुळलेला दंडक. त्याचप्रमाणे इमारतीच्या आवारातील अर्थचा खड्डा जमिनीशी किती चांगला जोडला गेला आहे, हे वेगळ्या अर्थ टेस्टरने, जमिनीत खुंट्या रोवून पाहावे लागते. वायरिंगची सलगता खड्ड्याची हमी देत नाही.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली म्हणजे अर्थची चिंता मिटली, असाही समज आहे. अर्थ शाबूत असेल तर पत्र्यात उतरलेला प्रवाह तिच्यातून वाहतो आणि आरसीसीबी कोणी हात लावण्याआधीच पडते. अर्थ तुटलेली असेल तर तीच आरसीसीबी माणसाच्या अंगातून प्रवाह वाहू लागल्यावर पडते. धक्का बसायचा तो बसतोच. फक्त त्याचा काळ कमी होतो. ओल्या न्हाणीघरात, भिजल्या अंगाने, तेवढ्या धक्क्यानेही माणूस कोसळू शकतो. दोन्ही संरक्षणे असावीत. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

नव्या घराचा ताबा घेताना नळ, फरशा आणि खिडक्या निरखून पाहिल्या जातात. प्रत्येक तीन पिनांच्या प्लगमधील अर्थचा रोध लिहिलेला एक साधा कागद मात्र क्वचितच मागितला जातो. जुन्या घरात रंगकाम निघते, नवा गीझर बसतो, पावसाळा येऊन जातो, तेव्हाही हे आकडे पुन्हा घ्यावेत आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहावेत. गेल्या वर्षी ०.३ ओहम असलेला प्लग यंदा ३ ओहम दाखवत असेल, तर त्या मुक्या तारेने वेळेवर दिलेली ती सूचना होय.